वन्सं, तुमच्या भावाच्या डोक्यातलं पाणी

मखमलाबाद, नाशिक
कार्तिक वद्य पंचमी, सन २००२

तीर्थस्वरूप गोजराबाई वन्सं यांच्या पायांवर त्यांच्या धाकट्या भावजयीचा, विमलचा, डोकं टेकून नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. तुमचे गुडघे कसे आहेत? इगतपुरीला यंदा दसऱ्यापर्यंत पाऊस हटला नाही म्हणतात, तेव्हा पापड, गोधड्या आणि माणसं यांतलं काय काय वाळलं ते कळवावं. तुमच्या सूनबाईला, मंजुषाला, आशीर्वाद. पत्र तीच मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून मंजुषा, तुला सांगून ठेवते, कंसातलं जे असेल ते मनात वाचायचं. (तुझ्या सासूला रक्तदाब आहे आणि माझ्या हाताला लिहिताना लगाम नाही.)

वैशाखात तुमच्या नातीच्या लग्नात जे झालं त्यावरून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत, ते तुमच्या जागी बरोबरच होतं. (नव्हतं.) राखीपौर्णिमेला पोस्टमन नुसता पाणी पिऊन गेला तेव्हाच मी समजले. पण वन्सं, त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला अर्धंच दिसलं होतं. नवरीच्या आजीचा भाऊ म्हणून ह्यांना मानाचा फेटा बांधायला पुढे बोलावलं, आणि हे आपले भुईत खुंट ठोकावा तसे उभे. पाय उचलेनात. मग उचलले ते असे, की दोन्ही पाय फाकवून, एवढीएवढीशी पावलं घासत, ओल्या वाफ्यातून चालल्यासारखे निघाले ते थेट फेटेवाल्याच्या अंगावर गेले, आणि तिथेच भर मांडवात त्यांचं धोतर ओलं झालं. व्याह्यांकडचा एक शहाणा तर जवळ येऊन ह्यांच्या तोंडाचा वास घेऊन गेला. ज्या माणसाने खोकल्याच्या औषधात दारू असते असं ऐकून जन्मभर खोकला सहन केला, त्याच्या तोंडाचा वास! आणि तुम्ही चार बायकांत मला म्हणालात, "विमल, माझ्या भावाला पाजून आणलास काय गं?" आम्ही न जेवता निघालो. आमच्या पोराने, संपतने, गाडी काढली. वाडीवऱ्हे गाव मागे पडलं. मग हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लगीन लय झ्याक झालं." मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि घरापर्यंत तसाच धरून ठेवला.

ही चाल त्याच्या आधीच्या हिवाळ्यापासून सुरू झाली होती. मळ्यात जायला निघाले की उंबऱ्याशी अडायचे, जसं काही उंबऱ्यापलीकडे नदीच आहे. वळायला सांगितलं की जागच्या जागी पावलं मोजल्यासारखं वळायचे, जात्यासारखं. बोलणं कमी झालं. (तुमच्या घराण्यात बोलणं कमी झालेलं लवकर लक्षात येत नाही, आधीच बेताचं असतं.) रात्रीचं अंथरूण मी गुपचूप उन्हात टाकायचे आणि कोणी विचारलं तर मांजराचं नाव घ्यायचे. आमच्याकडे मांजर नाही. हाडाच्या डॉक्टरने गुडघ्यांचे फोटो काढले आणि गुडघे वयाच्या मानाने सुंदर आहेत असं सांगितलं. शेजारचे बहिरू भाऊजी (स्वतःच्याच औषधाने त्यांचा बैल दगावला, तरी गावात मान कायम) म्हणाले की पायातली उष्णता वर चढली आहे, रोज सकाळी गार चिखलात उभं करा. उभं केलं. ज्या माणसाचे पाय कोरड्या जमिनीतून सुटत नाहीत त्याला आम्ही चिखलात रोवला, वन्सं, आणि मग तिघांनी मिळून उपटला. देवळातला अंगाराही लावला, त्याने कपाळ तेवढं छान दिसलं.

लग्नानंतर मात्र संपतने हट्ट धरला आणि ह्यांना मुंबई नाक्याच्या बाजूला एका मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. आजार पायाचा आणि डॉक्टर डोक्याचा, हे मला पटलं नव्हतं. पण तो माणूस वेगळा निघाला. त्याने ह्यांना तपासायच्या टेबलावर घेतलंच नाही, बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालवलं आणि आपण खाली वाकून नुसता पावलांकडे बघत राहिला. मग मला विचारलं, "मावशी, पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात का?" म्हटलं हो. "विसरतात का?" म्हटलं थोडं. "आणि कपड्यात लघवी होते का?" आता हे मी संपतलासुद्धा सांगितलं नव्हतं. आमची सून शुभांगी माझ्याकडे बघायला लागली, मी छताच्या पंख्याकडे. शेवटी शुभांगीच म्हणाली, "होते, डॉक्टर. आत्या चादरी धुतात ते मला माहीत आहे." इतके महिने मी मांजराच्या नावावर खपवत होते आणि पोरीला सगळं माहीत होतं. मला तिथेच रडू आलं. डॉक्टर म्हणाले, हे तीन प्रश्न एकत्र 'हो' आले की डोक्याचा फोटो काढावाच लागतो, सिटी स्कॅन करून या. मी डोळे पुसत विचारलं, साहेब, आम्ही मखमलाबादचे, सिटीतले नाही, तरी चालेल ना? संपतने त्या दिवसापासून मला डॉक्टरसमोर बोलायची बंदी केली आहे.

तो फोटो डॉक्टरने उजेडाच्या पेटीवर लावला. पांढऱ्या कवटीच्या आत करडा मेंदू आणि मधोमध काळं फुलपाखरू, पंख पसरलेलं. मला वाटलं, बरं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, हे फुलपाखरू प्रत्येकाच्या डोक्यात असतं, पण लहान असतं, ह्यांचं फुगलं आहे. ते काळं दिसतं ते पाणी. मेंदूत रोज पाणी तयार होतं, मेंदूभोवती फिरतं आणि रक्तात जिरतं. ह्यांचं जिरायचं बिघडलं आहे, म्हणून आत तुंबतं आणि पायांकडे जाणाऱ्या तारा ताणल्या जातात. वन्सं, लग्न होऊन आल्यापासून मला एक कोडं होतं, की ह्या माणसाच्या डोक्यात असतं तरी काय. काही विचारलं की "हूं", काही सांगितलं की "बघू". त्या दिवशी उजेडाच्या पेटीवर उत्तर मिळालं. पाणी! (मंजुषा, हे मोठ्याने वाचलंस तरी चालेल.)

पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, एक अडचण आहे. म्हातारपणी काहींचा मेंदू आपोआप वाळतो, आक्रसतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरतं. त्याला इलाज नाही. आणि काहींचं पाणीच मेंदूला आतून दाबतं. त्याला इलाज आहे. दोन्ही या फोटोत जवळजवळ सारखंच दिसतं. म्हणून आणखी बारीक फोटो हवा, एमआरआय. घरी येताना मी गंगेवर गाडी थांबवायला लावली आणि हात जोडून मागणं मागितलं, की माझ्या नवऱ्याच्या डोक्यात पाणीच असू दे, दाबणारं असू दे. शेजारी एक बाई मुलाच्या नोकरीसाठी दिवा सोडत होती, ती माझं ऐकून दोन पायऱ्या लांब जाऊन बसली.

एमआरआय म्हणजे एक पांढरं भुयार. त्यात माणसाला आडवा सरकवतात आणि डोकं अजिबात हलवायचं नाही, हललं की फोटो वाया. आत लोखंड, सोनं, काही चालत नाही, कारण ते यंत्र म्हणजे एक अवाढव्य चुंबक आहे. ह्यांचा चांदीचा करदोडा काढला. हे आत एकटे राहीनात, उठून बसायला लागले, म्हणून तिथला माणूस म्हणाला की मावशी तुम्ही आत थांबा, पण मंगळसूत्र काढावं लागेल. मी म्हटलं, बाबा, ते ह्यांच्यासाठीच घालतात. तो म्हणाला, ह्यांच्यासाठीच काढा. लग्नापासून एकदाही न काढलेलं मंगळसूत्र मी शुभांगीच्या ओंजळीत ठेवलं आणि मोकळ्या गळ्याने आत जाऊन ह्यांचं पाऊल धरून बसले. वन्सं, त्या वेळी मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

मग ते यंत्र सुरू झालं. खड खड खड खड, धक धक धक धक, इतका आवाज की दातांत घुमतो. आणि भुयारातून ह्यांची हाक आली, "इंजिन सुरू झालं का? दारं कोण धरतंय?" आपल्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन! ते काढून किती वर्षं झाली. आता मळ्याच्या त्या तुकड्यावर लोकांचे बंगले आहेत. ह्यांचे पाय हलायला लागले, उठून दारं धरायला, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, निघाले होते. बाहेरचा माणूस काचेतून हात हलवून मला खुणा करतोय. मी पाऊल घट्ट दाबलं आणि ओरडले, "मी धरलंय दारं! तुम्ही पडा उगी!"

"कुठला वाफा?"

"शेवंतीचा!"

"भरला का?"

"भरत आलाय. आता गुलाबाला वळवते."

"हळू वळव. मुळं उघडी पडत्यात."

मग यंत्राचा आवाज बदलला की मी वाफा बदलायचे. शेवंती झाली, गुलाब झाला, निशिगंध झाला, अॅस्टर झाला. अॅस्टर आपण कधी लावलाच नव्हता, पण आवाज संपेना, काय करू? बायको दारं धरून आहे म्हटल्यावर हे इतके निवांत पडले की डोकं तसूभर हललं नाही. बाहेर आल्यावर तो माणूस म्हणाला, मावशी, इतका स्वच्छ फोटो तरण्या माणसांचा येत नाही, तुम्ही आत काय सांगत होतात? मी म्हटलं, पाणी देत होते.

त्या फोटोवरून डॉक्टरने जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. दोन्ही आहे, म्हणाले. पाण्याचा दाब आहे, तो इलाजाचा. आणि आठवणी जिथे राहतात तो मेंदूचा भागही थोडा वाळला आहे, तो बिनइलाजाचा. पाणी काढलं तर पाय सुटतील, कपड्यांचं थांबेल. आठवणीचं आज काही सांगता येणार नाही. मी 'पाय सुटतील' एवढंच ऐकलं. पुढचं संपतने ऐकलं, आणि त्याने ते बरेच दिवस आपल्यापाशीच ठेवलं.

या आजाराचं नावसुद्धा तऱ्हेवाईक आहे. त्याला 'नॉर्मल प्रेशर' असं काहीतरी म्हणतात. मी बंदी मोडून विचारलं, साहेब, प्रेशर नॉर्मल आहे तर आपण इथे कशाला बसलो आहोत? ते म्हणाले, सुई घालून मोजलं तर दाब ठीकच भरतो, पण मोजत नसताना तो मधूनच चढतो आणि उतरतो. म्हणजे पाहुण्यांसमोर गुणी आणि एरवी घर डोक्यावर घेणाऱ्या पोरासारखा. मला लगेच कळलं. (घरात असं कोण कोण आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे.)

ऑपरेशनआधी एक परीक्षा असते. कमरेत सुई घालून थोडं पाणी काढतात आणि माणूस बरा चालतो का ते बघतात. काढलं. दुपारी त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात ह्यांना उभं केलं. एका हाताला संपत, दुसऱ्या हाताला मी. डॉक्टर म्हणाले, सोडा. आम्ही सोडलं. आणि वन्सं, तुमचा भाऊ चालला! पाय उचलून चालला. पार टोकाच्या खिडकीपर्यंत गेला, वळला, एका दमात वळला, आणि तिथून माझ्यावर ओरडला, "दोघंबी इथं उभी ऱ्हायलीत, शेवंती कोण तोडणार? आज बाजार नाय का?" किती महिन्यांनी मला बोलणी बसली! मी सगळ्या पेशंटांसमोर हात जोडले आणि म्हटलं, बोला, अजून बोला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पाय पुन्हा जड झाले, पण तोपर्यंत सगळ्यांना जे बघायचं ते बघून झालं होतं.

भाद्रपदात ऑपरेशन झालं. डोक्यातून कातडीखालून एक बारीक नळी पोटात नेऊन सोडली आहे, तुंबलेलं पाणी तिकडे उतरतं आणि जिरतं. कानामागे हात लावला तर हाताला लागते. ह्यांच्या पोटातलं ओठावर कधी आलं नाही, आता डोक्यातलंही पोटातच जाणार. पण गुण आला. महिन्याभरात चालायला लागले, अंथरूण कोरडं राहिलं, धोतराची भीती गेली. उंबरा तर असा ओलांडतात की मधे कधी नदी नव्हतीच.

आणि इथूनच नवी पंचाईत सुरू झाली. पाय आले, पण पायांना घर सांगणारं जे होतं ते नाही आलं. घटस्थापनेच्या आदल्या सकाळी हे चहा पिऊन जे निघाले ते दुपारपर्यंत नाहीत. आम्ही विहिरी पाहिल्या. हो, पाहिल्या, वन्सं. संपत कडेला उभा राहून आत वाकला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. शेवटी रविवार कारंजाच्या बाजूला, फुलवाले बसतात तिथे, सापडले. एका अनोळखी बाईला 'ही माझी जागा आहे' म्हणून उठवत होते. ती बिचारी समजूतदार, उठली नाही, पण सरकली, ह्यांना पोत्यावर बसवलं, चहा पाजला आणि हातात सुई-दोरा दिला. आम्ही पोचलो तेव्हा हे झेंडूच्या माळा ओवत होते, एकही फूल वाकडं नाही. ती मला म्हणाली, "न्या, पण बाबांचा हात लय चांगलाय, उद्या पाठवा." हसावं की रडावं हे ठरवायच्या आत माझं रडून झालं होतं.

डॉक्टरला विचारलं. त्यांनी पुन्हा फोटो काढला. फुलपाखरू लहान झालं आहे, नळी चोख आहे, पाण्याचं काम झालं, म्हणाले. उरलं ते दुसरं, आणि ते फोटोत दिसतं पण हाताला लागत नाही. तेव्हा संपतने मला ती एमआरआयच्या वेळची, वाळलेल्या भागाची गोष्ट सांगितली.

तर वन्सं, सांगायचं एवढंच, की ते पाणी होतं, दारू नव्हती. ही गोष्ट तुमच्या व्याह्यांना कळवा, आणि विशेष करून त्या वास घेणाऱ्याला. माझ्या मनात काही नाही. (थोडं आहे, पण ते नंतर.) तुम्ही काळजी करू नका, इतक्या लांब येण्याची दगदगही करू नका. इथे संपत आहे, शुभांगी आहे, मी आहे, आणि गेटला आता कडी आहे. तब्येतीला जपून असावं, मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना पापे.

तुमची धाकटी भावजय,
विमल

ता. क. संपतच्या हाती डोक्याचा एक जुना फोटो पाठवते आहे. खिडकीच्या उजेडात धरून पाहावा. मधलं काळं ते पाणी. बघून झाला की परत द्यावा, त्यावर कुरडया वाळत घालू नयेत.

ता. क. २. आणखी एक लिहायचं राहिलं. (मंजुषा, हे कंसात नसलं तरी हळू वाच.) दसऱ्यापासून हे मला आक्का म्हणतात. म्हणजे तुम्ही. आधी वाटलं, चेष्टा करतात. पण मी भरवलं की "आक्का, तू जेवलीस का" विचारतात. परवा म्हणाले, "आक्का, माझं लगीन झालंय का गं?" म्हटलं, झालंय. "बायको कशी हाय?" म्हटलं, बरी आहे. "मग दिसत कशी नाय?" मी सांगितलं, माहेरी गेली आहे, येईल. ते म्हणाले, "येऊ दे सावकाश." तेव्हा एक विनंती आहे. रोज संध्याकाळी हे मला विचारतात, "आक्का, ते पिल्लू जगलं का?" कसलं पिल्लू, कधीचं, मला काही माहीत नाही. जगलं म्हटलं तर "खोटं बोलतीस" म्हणून रुसतात, मेलं म्हटलं तर रडतात. तुम्ही दोघांनी लहानपणी काय पाळलं होतं आणि त्याचं काय झालं ते सगळं मला लिहून पाठवा. जे खरं असेल ते लिहा. मला तुमच्यासारखं सांगता आलं पाहिजे.

ता. क. ३. लिहून पाठवू नका. तुम्हीच या. तुम्ही समोर बसलात की आक्का तुम्ही व्हाल, आणि मी उगीच स्वयंपाकघरातून बाहेर येईन. मग माझ्याकडे बघून ते काय म्हणतात, ते मला ऐकायचं आहे.